सहीची साक्ष

कागदाखालीं सही करणें ही दिवसाकाठीं कितीदां तरी घडणारी गोष्ट आहे, आणि म्हणूनच तिच्या अर्थाकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. टपालाच्या पावतीवर, मुलाच्या प्रगतिपुस्तकावर, बँकेच्या अर्जावर, सोसायटीच्या सभेच्या वृत्तान्तावर आपण सही ठोकून मोकळे होतों. सही म्हणजे कागद पुढें ढकलण्याची परवानगी, इतकाच तिचा अर्थ बहुतेकांच्या मनांत उरला आहे. आपल्या पूर्वजांस ती इतकी स्वस्त नव्हती. पेशव्यांच्या दप्तरांतील पत्रें पाहावीं, तों मजकूर संपतांच अखेरीस मोर्तबाचा शिक्का उठविलेला आढळतो. येथें लेख संपला, यापुढें कोणीं एक अक्षर वाढवूं नये, असें तो लहानसा शिक्का बजावतो. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आजहि सर्रास वापरतों. त्यामागची धास्ती मात्र हरवली आहे.

ही धास्ती जेथें हरवून चालत नाहीं अशा एका धंद्याविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे. तो धंदा विमानांच्या दुरुस्तीचा. घरगुती मासिकांत हा विषय कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या घरांतील कोणीच कधीं विमानानें गेलेलें नाहीं असें घर आमच्या वाचकांत आतां विरळाच सांपडेल. नातवाच्या मुंजीस आजी-आजोबा अमेरिकेस जातात. सून माहेरीं नागपुरास जाते. मुलगा नव्या नोकरीवर रुजू होण्यास पुण्याहून बंगलोरास निघतो. निघतांना आपण हातावर दहीं घालतों, देवापुढें दिवा लावतों, पोहोंचल्याबरोबर कळविण्यास दहादां बजावतों. पण ज्या मनुष्याच्या प्रामाणिकपणावर तो प्रवास अवलंबून असतो, तो आदल्या रात्रीं कोठल्याशा हँगरांत दिव्याखालीं वांकून काम करीत असतो. त्याचा आपला संबंध एवढाच कीं, त्यानें एका कागदावर सही केलेली असते.

या सहीचें स्वरूप थोडें समजून घेतलें पाहिजे. विमान ठराविक तास उडालें, ठराविक वेळां उतरलें किंवा ठराविक महिने लोटले, कीं त्याची नेमून दिलेली तपासणी करावीच लागते. हें सारें काम लहान लहान टप्प्यांत तोडलेलें असतें व प्रत्येक कामाचें एक कार्ड असतें. अमुक झांकण उघडा, अमुक भाग काढा, अमुक स्क्रू इतक्या जोरानें आवळा, असें त्यावर छापलेलें असून कामासमोर सहीची जागा मोकळी ठेवलेली असते. महत्त्वाच्या कामांवर करणाऱ्याखेरीज निराळ्या तपासनिसानेंहि सही करावयाची असते. शेवटीं सरकारी परवाना असलेला इंजिनियर विमान उड्डाणास योग्य असल्याचें प्रमाणपत्र देतो, आणि मगच तें प्रवाशांपुढें येतें. आपल्याकडे १९३४ चा मूळ कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम अमलांत आला. पण परवानाधारकाच्या सहीवांचून विमान उडूं नये हें तत्त्व तेंच राहिलें आहे.

एवढा कागदाचा खटाटोप कशासाठीं? कारण सोपें आहे. झांकण बसविलें, कीं आंतला स्क्रू आवळलेला आहे कीं नाहीं हें परमेश्वरास ठाऊक आणि सही करणाऱ्यास ठाऊक. वैमानिक उड्डाणापूर्वीं विमानाभोंवतीं फेरी मारून पाहतो खरा, परंतु त्याची दृष्टि पत्र्याच्या आंत जात नाहीं. पुढच्या पाळीचा कारागीर, वरचा अधिकारी, वैमानिक, या सर्वांस आंतलें दिसावयाचें तें त्या कागदांतूनच. म्हणून ही सही म्हणजे साक्ष आहे. आणि तीहि अशा माणसांसाठीं दिलेली, जीं तेथें हजर नाहींत व ज्यांना साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची सोय नाहीं.

अशी साक्ष खोटी निघाली म्हणजे काय होतें, हें १९९६ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील मायामी शहरीं दिसून आलें. व्हॅल्यूजेट ही त्या काळीं स्वस्त तिकिटांसाठीं नांवाजलेली विमानकंपनी होती. तिनें नव्यानें घेतलेलीं एमडी-८० जातीचीं कांहीं विमानें दुरुस्तीसाठीं सेबरटेक नांवाच्या कारखान्याकडे दिलीं होतीं. या विमानांत प्रवाशांच्या डोक्यावर, आणीबाणींत प्राणवायु पुरविणारीं नळकांडीं बसविलेलीं असतात. त्यांत तयार वायु कोंडलेला नसतो. सोडियम क्लोरेट हें रसायन मुख्यत्वेंकरून असतें. प्रवाशानें मुखवटा ओढला कीं दोरीबरोबर एक खीळ निघते, लहानसा घोडा स्फोटक टोपीवर आपटतो, रसायनाची क्रिया सुरू होते आणि प्राणवायु बाहेर पडूं लागतो. या क्रियेंत नळकांड्याचें कवच २५० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापूं शकतें. विमानांत त्याच्या नेमल्या जागीं या उष्णतेची तजवीज केलेली असते. तेंच नळकांडें कागदी खोक्यांत कोंबलें, तर चुलींतला निखारा गवताच्या गंजींत ठेविल्यासारखें होतें.

या नळकांड्यांचें आयुष्य १२ वर्षांचें धरलेलें असतें. मुदत संपल्यामुळें किंवा संपत आल्यामुळें दोन विमानांतून सुमारें १४४ नळकांडीं काढण्यांत आलीं. मुदत संपली म्हणून नळकांडें रिकामें होत नाहीं. आंतील रसायन जसेंच्या तसें जिवंत असतें. म्हणूनच कामाच्या कार्डावर स्पष्ट छापलें होतें कीं, न वापरलेल्या नळकांड्याच्या घोड्यावर संरक्षक टोपण बसवावें. टोपण प्लॅस्टिकचें, किमतीनें अगदीं क्षुल्लक. पण तीं टोपणें कारखान्यांत नव्हतीं. इकडे विमान वेळेवर न दिल्यास दर दिवसामागें २,५०० डॉलर कापून घेण्याचा करार होता, व कामाची घाई शिगेस पोहोंचली होती. टोपणें नाहींत ही गोष्ट एका तपासनिसाच्या ध्यानांत आली. ती आपण मुख्य कारागिराच्या कानावर घातली, तेव्हां, 'वरच्यांना ठाऊक आहे, कोठारांत पाहून घेतलें जाईल,' अशा अर्थाचें उत्तर मिळालें, असें त्यानें पुढें चौकशींत सांगितलें. तेवढ्या उत्तरावर त्यानें सही केली. कार्डावर टोपणें बसलीं. नळकांड्यांवर तीं कधींच बसलीं नाहींत.

यापुढें काय घडलें तें पाहण्यासारखें आहे. नळकांडीं खोक्यांत भरून कोठारांत गेलीं. कोणी नवें गिऱ्हाईक कारखाना पाहावयास येणार होतें, म्हणून जागा आवरण्याचा हुकूम सुटला. खोक्यांतील नळकांड्यांवर हिरव्या चिठ्या होत्या. दुरुस्त होण्याजोग्या वस्तूस ती चिठी लावण्याचा प्रघात होता. चिठीवर मुदत संपल्याचा शेरा. ज्यानें तीं खोकीं बांधलीं, त्यास हें रसायन काय आहे याची कल्पना नव्हती. माल ज्याचा त्यास परत पाठवावा या हेतूनें पांच खोकीं अटलांटा येथील कंपनीच्या मुख्य ठिकाणीं धाडण्याचें ठरलें, आणि मालाच्या चिठ्ठीवर नळकांड्यांपुढें शब्द पडला, 'रिकामीं.' ११ मे १९९६ रोजीं तीं खोकीं व विमानाचे कांहीं टायर व्हॅल्यूजेटच्या ५९२ क्रमांकाच्या विमानाच्या पुढच्या मालकोठडींत चढविण्यांत आले. ही कोठडी हवाबंद असल्यामुळें आंत आग लागली तरी हवेअभावीं ती आपोआप विझेल, अशी त्या काळची समजूत. म्हणून तेथें धुराची सूचना देणारें यंत्रहि नव्हतें आणि आग विझविण्याचेंहि नव्हतें. पण ही आग आपला प्राणवायु बरोबर घेऊनच आली होती. दुपारीं २ वाजून ४ मिनिटांनीं उड्डाण केलेलें विमान सुमारें १० मिनिटांत एव्हरग्लेड्सच्या दलदलींत कोसळलें. १०५ प्रवासी व ५ कर्मचारी, असे ११० जण होते. एकहि वांचला नाहीं.

या साखळींत मन विषण्ण करणारी गोष्ट ही कीं, तींत दुष्ट असा कोणी सांपडत नाहीं. टोपणाची सही करणाऱ्यास वाटलें, पुढें कोणी पाहील. पुढच्यास वाटलें, मागें सही झालेली आहे, तेव्हां पाहिलेलेंच असेल. बांधणाऱ्यानें चिठीवर विश्वास ठेविला, चढविणाऱ्यानें बांधणाऱ्याच्या शब्दावर, आणि वैमानिकानें त्या सर्वांवर. एका जागीं घातलेलें खोटें पुढें प्रत्येकाच्या हातून खरें म्हणून पुढें गेलें. चोराच्या खोट्या नाण्याप्रमाणें तें ज्या ज्या सज्जनाच्या हातीं पडलें, त्यानें त्यानें तें निर्मळ मनानें चालविलें.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळानें १९९७ सालीं आपला निर्णय दिला, तेव्हां दोष तिघांकडे वांटला: माल नीट न बांधणारा व त्याची खरी ओळख न देणारा कारखाना, कारखान्यावर देखरेख न ठेवणारी विमानकंपनी, आणि असल्या मालकोठड्यांत धूर व आग यांचा बंदोबस्त सक्तीचा न करणारें सरकारी विमानखातें. पुढें १९९९ मध्यें कारखान्यावर व त्याच्या नोकरांवर फौजदारी खटला चालला. ज्यूरीपुढें उभे राहिलेले नोकर सुटले. कारखान्यावर शाबीत झालेल्या आरोपांपैकींहि बहुतेक २००१ सालीं अपिलांत रद्द झाले. अखेरपर्यंत टिकला तो एकच: धोकादायक मालासंबंधीं आपल्या माणसांस शिक्षण दिलें नाहीं. आम्हांस हा निकाल विचार करण्याजोगा वाटतो. ज्या कामाचा अर्थ करणाऱ्यास कोणीं सांगितलेला नसतो, त्या कामाची सही त्याला निव्वळ शाईची रेघ वाटल्यास नवल नाहीं. टोपण कशासाठीं हें ज्यास पक्कें ठाऊक आहे, त्याचा हात तें न बसवितां सही करतांना कांपल्यावांचून राहणार नाहीं.

न केलेलें काम केलें म्हणून लिहिणें हा एक दोष झाला. केलेलें काम न लिहिणें हें त्याचें धाकटें भावंड. १९९१ च्या सप्टेंबरांत टेक्सास प्रांतांतील ह्यूस्टन येथें कॉन्टिनेंटल एक्सप्रेस कंपनीच्या एका विमानाचें काम रात्रीं चाललें होतें. शेपटावरच्या आडव्या पंखाच्या पुढल्या कडेस बर्फ झाडून टाकणारे रबरी पट्टे असतात. ते बदलावयाचे होते. संध्याकाळच्या पाळीनें उजव्या बाजूचें काम आरंभिलें, आणि पुढचें काम सोपें व्हावें या सद्‌हेतूनें एका तपासनिसानें डाव्या बाजूचेहि वरचे ४७ स्क्रू काढून ठेविले. पाळी बदलली. डाव्या बाजूचे स्क्रू निघाले आहेत ही गोष्ट नव्या पाळीस कळावी अशा रीतीनें कोठेंच लिहिलेली नव्हती. त्यांनीं उजवी बाजू पुरी केली, डावीकडे कोणी फिरकलें नाहीं, आणि सकाळीं विमान प्रवाशांस घेऊन निघालें. पहिली खेप निर्वेध पार पडली. ११ सप्टेंबर रोजीं परतीच्या खेपेंत डावीकडची कड उखडून गेली, आणि ईगल लेक गांवाजवळ विमान पडून १४ जण मृत्यु पावले. ज्यानें ते स्क्रू काढले त्यानें आळस केला नव्हता. उलट दुसऱ्याचें काम हलकें केलें होतें. दोन ओळी लिहिण्याचें तेवढें राहिलें.

तिसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे, आणि संसारी माणसांच्या ओळखीचाहि आहे. तो म्हणजे मुदत वाढवीत नेण्याचा. अलास्का एअरलाइन्स कंपनीच्या विमानांच्या शेपटांत आडवा पंख वरखालीं करणारा एक लांब पोलादी स्क्रू असे, व तो मऊ धातूच्या नटांत फिरे. दोहोंमध्यें वंगण नसेल तर नटाचे आटे झिजतात. १९८७ मध्यें हें वंगण दर ५०० उड्डाण-तासांस घालीत. पुढें १९८८ मध्यें ती मुदत १,००० तास झाली, १९९१ मध्यें १,२००, १९९४ मध्यें १,६००, आणि १९९६ मध्यें तासांचा हिशेब सोडून दर ८ महिन्यांस, म्हणजे सरासरीनें सुमारें २,५५० तासांस, असा नियम झाला. प्रत्येक वाढ लहानशी. प्रत्येकीस मान्यता मिळालेली. १९९७ च्या सप्टेंबरांत याच कंपनीच्या एका विमानाच्या त्या नटाची ढिलाई मोजली, तों ती ०.०४० इंच भरली. ही अखेरची मर्यादा होती, व नट बदलावा असा शेरा कागदावर पडला. पुढच्या पाळीनें पुन्हां मोजलें तेव्हां ०.०३३ भरली, नट तसाच ठेवून विमान चालू केलें. पुढची मोजणी ३० महिन्यांनीं व्हावयाची होती.

तें विमान ३१ जानेवारी २००० रोजीं, म्हणजे २८ महिन्यांनीं, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत समुद्रांत कोसळलें आणि ८८ जण गेले. समुद्राच्या तळाशीं सांपडलेल्या स्क्रूवर, जेथें नटाशीं संबंध येतो त्या भागीं, उपयोगी पडेल असें वंगण नव्हतें. वंगण घालण्याचें भोंक वाळलेल्या द्रव्यानें बुजलेलें होतें. आणि आट्यांचा सुमारें नऊदशांश भाग तुटण्यापूर्वींच झिजून गेला होता. कागदावर मात्र वंगणाच्या पाळ्या मुदतबरहुकूम झालेल्या होत्या. शेवटची सप्टेंबर १९९९ मध्यें. सुरक्षा मंडळानें या अपघाताचें कारण अपुरें वंगण हेंच ठरविलें, आणि मुदत वाढविणाऱ्या कंपनीबरोबर ती वाढ मान्य करणाऱ्या सरकारी खात्याकडेहि बोट दाखविलें. आठ महिन्यांतून एकदां करावयाच्या कामांत एक पाळी जरी अर्धवट झाली, तरी ती भरून निघावयास पुढचे आठ महिने लागतात, हा हिशेब मुदत वाढवितांना कोणाच्या ध्यानीं आला नाहीं.

आतां कोणी म्हणेल, खोट्या सह्या करणाऱ्या कारागिरांस कडक शिक्षा करा, म्हणजे झालें. शिक्षा नको असें आम्ही म्हणत नाहीं. पण सही खालचा मनुष्य करीत असला, तरी त्याचा हात पुष्कळदां वरून धरलेला असतो. १९९० च्या जुलैंत न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथें ईस्टर्न एअर लाइन्स या जुन्या व नामांकित कंपनीवर, न झालेलीं कामें झाल्याचें लिहिल्याबद्दल आरोपपत्र ठेवण्यांत आलें. त्यांत कंपनीबरोबर नांवें होतीं तीं देखभालखात्यांतील अधिकाऱ्यांचीं. पुढें कंपनीनें गुन्हा कबूल केला व तिला ३५ लाख डॉलर दंड झाला; पण तोंपर्यंत तिचीं विमानें जमिनीवर येऊन कायमचीं थांबलीं होतीं. विमान वेळेवर सुटलेंच पाहिजे, असा हुकूम जेथें रोज येतो आणि काम नीट झालेंच पाहिजे असा हुकूम केवळ भिंतीवरच्या पाटीवर असतो, तेथें खालचा मनुष्य दोहोंपैकीं कोणता पाळील हें सांगावयास ज्योतिषी नको.

आणि हें सारें परमुलखांतच घडतें असें समजून आपण निर्धास्त राहूं नये. आपल्या देशांतील विमान-संचालनालयानें मार्च २०२५ मध्यें एअर इंडिया एक्सप्रेस कंपनीस ठपका दिल्याचें त्याच वर्षीं जुलैंत प्रसिद्ध झालें. एका एअरबस विमानाच्या इंजिनांतील कांहीं भाग सुरक्षेसाठीं ठरविलेल्या मुदतींत बदलले नव्हते, आणि ते बदलल्याचें दिसावें अशा रीतीनें नोंदींत फेरफार केलेले होते, असा त्या ठपक्याचा आशय होता. कंपनीनें चूक मान्य केली. नोंदी एका संगणक-व्यवस्थेंतून दुसरींत नेतांना तारीख नजरेंतून सुटली, व तें कळतांच दुरुस्ती केली, असें तिचें म्हणणें होतें. संबंधित अधिकाऱ्यांवर तिनें कारवाईहि केली. प्राणहानि झाली नाहीं ही ईश्वराची कृपा. कागद गेला आणि त्याची जागा संगणकानें घेतली, तरी प्रश्न तोच राहतो: जें लिहिलें आहे तें झालें आहे काय?

याला उपाय काय? आमच्या मतें मुख्य उपाय एकच आहे, आणि तो विमानधंद्यानें स्वतःच शोधून काढलेला आहे. 'झालें नाहीं' असें लिहिण्याची जागा कागदावर ठेवणें, आणि तें लिहिणाऱ्यास अभय देणें. विमानांतील कोणता भाग बंद असतां, कोणती खबरदारी घेऊन व किती दिवस उड्डाण करण्यास हरकत नाहीं, याची मान्य यादी प्रत्येक जातीच्या विमानासाठीं केलेली असते. दोष आहे तो लिहावा, यादी पाहावी, बसत असेल तर मुदतीनें पुढें ढकलावा, बसत नसेल तर विमान उभें करावें. म्हणजे अपुऱ्या कामालाहि कायद्यानें सरळ वाट ठेविलेली आहे. खोट्याचा आडमार्ग धरण्याचें कारण नाहीं. तसेंच १९७६ पासून अमेरिकेंत अशी सोय आहे कीं, वैमानिकानें वा कारागिरानें आपल्या हातून न कळत झालेली चूक नासा या संस्थेस कळवावी. ती संस्था शिक्षा करणाऱ्या खात्याहून वेगळी. ती नांवगांव काढून टाकते आणि चुकीपासून मिळणारा धडा तेवढा सर्वांपुढें ठेवते. दहा दिवसांच्या आंत कळविणाऱ्यास दंडापासून बऱ्याच अंशीं सूटहि मिळते. मुद्दाम केलेल्या गुन्ह्यास मात्र हें अभय नाहीं, आणि तें योग्यच आहे.

येथपर्यंत वाचून, या गोष्टीशीं आमचा काय संबंध, असें कोणा गृहिणीस वाटलें असेल, तर तिनें आपल्या घरांतील आजाऱ्याच्या खोलींत एकवार डोकावून यावें. भिंतीवर औषधांचा तक्ता लाविलेला असतो. आजोबांच्या रक्तदाबाची गोळी सकाळीं, साखरेची जेवणाआधीं, तिसरी निजतांना. घर मोठें, देणारे हात चार. मोठ्या सूनबाई घाईंत आधीं खूण करून ठेवतात, गोळी मागाहून देऊं म्हणतात, तेवढ्यांत दूध उतूं जातें आणि गोळी राहते. धाकट्या सूनबाई तक्ता पाहतात, खूण आहे, म्हणून देत नाहींत. किंवा याच्या उलट: गोळी दिली, खूण राहिली, दुसरीनें पुन्हां दिली. मायामीचा आणि ह्यूस्टनचा प्रकार याहून निराळा तो काय? आधीं काम, मग खूण. आणि ज्यानें काम केलें त्यानेंच खूण करावी, हा नियम विमानाच्या हँगरांत जितका खरा, तितकाच आजोबांच्या खाटेपाशीं.

दुसरी गोष्ट मुलांची. शाळेच्या वहींतील 'पालकांची सही' या जागेवर न वाचतां सही करणारे वडील, सहीला अर्थ नसतो हें मुलास रोज शिकवीत असतात. तोच मुलगा उद्यां इंजिनियर होतो, डॉक्टर होतो, हिशेबतपासनीस होतो. अभ्यास झाला का, असें विचारल्यावर जो मुलगा खालीं मान घालून, राहिला, असें सांगतो, त्याच्यावर आपण संतापतों; आणि जो धडधडीत, झाला, असें म्हणतो, तो सुखानें खेळावयास जातो. घरांत ज्या शब्दास मार बसतो, तो शब्द मूल बोलावयाचें सोडून देतें. पुढें कारखान्यांत वरिष्ठापुढें, टोपणें नाहींत, मी सही करणार नाहीं, असें म्हणण्याचें धैर्य त्याला कोठून यावें? तें धैर्य परवान्याच्या परीक्षेंत शिकवितां येत नाहीं. तें घरींच, पाटीपेन्सिलीच्या वयांत, वडीलमाणसांच्या वागणुकींतून यावें लागतें.

म्हणून आमची वाचकांस विनंती इतकीच. 'राहिलें' असें जो सांगेल, मग तो मुलगा असो, सून असो कीं घरचा गडी असो, त्याच्यावर त्या क्षणीं रागावूं नका. आधीं राहिलेलें काम पुरें करा. राहिलें कां, तें मागाहून शांतपणें विचारा. आणि आपण स्वतः एखाद्या कागदावर सही करूं लागलों, तर हा कागद वाचून ज्याला आपल्या शब्दावर विसंबावें लागणार आहे असा कोण मनुष्य आहे, एवढें क्षणभर मनांत आणा. आपल्या घरांतील एवढा जरी पालट या लेखानें झाला, तरी आमचें लिहिणें सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.